खांबापासून खांबापर्यंत

"बाबा, हात तरी लावून बघा ना," ऋजुता पुन्हा म्हणाली.

यांनी हात कोटाच्या खिशातून बाहेर काढले नाहीत.

जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या एका जुन्या गावात आम्ही उभे होतो. ऋजुता हॅम्बुर्गहून गाडीनं सकाळी आम्हाला इथं घेऊन आली होती. गावाला वळसा घालून जाणारी नदी, फरशांच्या अरुंद गल्ल्या, आणि मधोमध चौकात ते चर्च. पायापासून टोकापर्यंत नुसत्या लाल विटांचं, कित्येक शतकांचं. आजूबाजूची तीन-तीन मजली घरं त्याच्या घोट्याशी बसलेल्या मांजरांसारखी दिसत होती. चर्चच्या दारासमोर एका दगडी ओट्यावर त्याच चर्चची ब्राँझमध्ये ओतलेली लहानशी प्रतिकृती ठेवलेली होती, आपल्याकडच्या देव्हाऱ्याएवढी. ज्यांना दिसत नाही त्यांना चर्च हातांनी कळावं म्हणून ती केलेली. येताजाता पोरं तिच्या मनोऱ्यांना हात लावत, त्यामुळे तेवढंच ब्राँझ पितळेच्या घंटेसारखं चकचकीत झालं होतं.

"काय आहे ते?" यांनी विचारलं.

"चर्चचं मॉडेल आहे, बाबा. मुद्दाम... म्हणजे ज्यांना..." ती अडखळली.

"आंधळ्यांसाठी. म्हण की सरळ. मला नको. आत चला, थंडी वाजतेय."

मे महिना होता, पण वारा आपल्याकडच्या जानेवारीतला. मी त्यांचं कोपर धरलं आणि आम्ही आत गेलो.

यांचं नाव भालचंद्र कुंभोजकर. तासगावच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. कुंभोजकर सर समोरून येताना दिसले की पोरं सायकलवरून खाली उतरायची, इतका दरारा. आणि त्याच पोरांच्या मागे बसून, त्यांचा हात आपल्या हातात धरून रेघ ओढायला शिकवायचे, इतकी माया. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं कुरतडत आणली आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झालेला होता. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना राहिलेला उजेडही गेला.

पहिले काही दिवस माणसं भेटायला येत. मग यांनीच मला सांगितलं, "आता कुणाला आत घेऊ नकोस." रंगांच्या पेट्या, ब्रश, कागदांची भेंडोळी, सगळं शाळेला देऊन टाकलं. काठी घेऊन चालायला शिकवणारे एक गृहस्थ सांगलीहून आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी पोस्टात काउंटरवर होते, ती नोकरी सोडली. ताटात भात कुठे आणि आमटीची वाटी कुठे ते मी सांगायची. चप्पल पायापुढे मी ठेवायची. दीड वर्षात ते माझ्याशिवाय फाटकापर्यंतही गेले नव्हते. माणूस हळूहळू विझत जातो म्हणतात, ते मी रोज बघत होते.

म्हणून तर ऋजुतानं आम्हाला बोलावलं. तीन महिन्यांसाठी, असं यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट निराळी होती. तिच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्याचं एक घर तिनं बघून ठेवलं होतं. कागदपत्रांचं काय ते मी बघते, तासगावचं घर विकून टाका आणि इकडेच राहा, असं तिचं म्हणणं. घरमालकाला सोमवारी उत्तर हवं होतं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तिनं मला हे सांगितलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मीही थकले होते.

आत शिरल्या शिरल्या गारवा अंगावर आला. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. दोन्ही बाजूंना विटांचेच अष्टकोनी खांब, आणि ते वर जात जात पांढऱ्या छताला झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले. मान मोडेपर्यंत वर बघावं तरी संपेनात.

आम्ही खुर्च्यांच्या ओळीत बसलो. मी सवयीप्रमाणे सांगायला लागले. "खूप मोठं आहे. खांब आहेत. खिडक्यांना रंगीत काचा आहेत."

"खूप मोठं म्हणजे?"

"म्हणजे... खूपच."

"इंदू, बाजारातला भोपळाही खूप मोठा असतो," ते चिडून म्हणाले. पोस्टात तिकिटं विकलेली बाई मी, मला याहून काय सांगता येणार?

ऋजुतानं घसा खाकरला. "बाबा, एक विचारायचं होतं."

"घराचं ना? डोळे गेलेत माझे, कान नाही. काल दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत होता ते सगळं ऐकलं मी."

"मग? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? ठेवा कुठे ठेवायचं तिथे. कपाट हलवताना कपाटाला कुणी विचारतं का?"

"बाबा, असं काय बोलता हो!" तिचा आवाज चिरकला. पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं. ऋजुता उठली आणि ओढणी तोंडाला लावून दाराकडे चालायला लागली.

"झालं का समाधान?" मी म्हणाले. मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इथून हलू नका. मी आलेच."

"कुठे जाणार आहे मी?" ते म्हणाले.

बाहेर दाराशी ऋजुता भिंतीला टेकून लहान मुलीसारखी रडत होती. "आई, मी काय वाईट केलं गं? तिकडे तुझे गुडघे दुखतात, रात्री बाबांना पाणी द्यायलाही तूच उठतेस. उद्या तुला काही झालं तर बाबांचं कोण?"

"तू काहीच वाईट केलं नाहीस."

"मग ते असे का वागतात?"

मी तिचे केस मागे सारले, नाक पुसायला रुमाल दिला. चौकातल्या एका कॉफीच्या दुकानात तोंड धुऊन येते, म्हणून ती गेली. मी आत परतले.

खुर्ची रिकामी होती.

आधी वाटलं, ओळ चुकले. मागची ओळ बघितली, पुढची बघितली. पुढच्या ओळीतल्या बाईही उठून गेल्या होत्या. मघाशी येताना तळघरात उतरणारा एक उघडा जिना मी पाहिला होता. एका कोपऱ्यात लोखंडी घोडीवर मेणबत्त्यांची रांग जळत होती. पलीकडच्या अंगाला आणखी एक दार होतं, थेट रस्त्यावर उघडणारं. मला मोठ्यानं हाक मारायची होती, पण त्या शांततेत माझा आवाजच फुटेना. मी अर्धवट धावत डावीकडच्या खांबांमागे गेले.

आणि ते दिसले.

ते एका खांबाला मिठी मारून उभे होते. मिठीच म्हणायची, दुसरं काय? दोन्ही हात पसरून, गाल विटांना लावून. मग तसेच सरकत सरकत खांबाभोवती फिरायला लागले. एक कोन झाला की बोटांनी चाचपून पुढचा कोन. पुन्हा पहिल्या जागी आल्यावर थांबले.

मी पुढे झाले तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. पांढऱ्या आखूड केसांच्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. छातीवर चर्चचा बिल्ला होता, त्यावर हान्सेन असं आडनाव. दाराजवळच्या टेबलावर पोस्टकार्डं आणि मेणबत्त्या विकायला बसलेल्या मी त्यांना येताना पाहिलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि साध्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "थांबा. त्यांचं चाललंय ते चालू दे."

"ते माझे मिस्टर आहेत. त्यांना दिसत नाही."

"ठाऊक आहे. मी त्यांच्या मागेच आहे."

यांनी खांब सोडला. हात समोर धरून पुढच्या खांबाच्या दिशेनं निघाले. दोन खांबांच्या मध्ये बरीच मोकळी जागा होती, धरायला काही नाही. मध्यावर आल्यावर ते थांबले. हात हवेत फिरले, आणि काहीच लागलं नाही. चेहरा कावराबावरा झाला. घरात असं झालं की मी लगेच कोपर धरत असे. माझा पाय उचलला गेला, आणि हान्सेनबाईंची पकड घट्ट झाली.

यांनी हात खाली घेतले. मग जोरात एक टाळी वाजवली.

टाळीचा आवाज वर गेला. वर, आणखी वर, आणि कुठेतरी जाऊन, वेळ घेऊन, खाली परत आला. यांची मान हळूहळू मागे गेली, जसं आपण उंच वस्तूकडे बघताना करतो तशी. त्यांनी दुसरी टाळी वाजवली. तिसरी उजवीकडे तोंड करून, चौथी डावीकडे.

"बाप रे!" ते मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाले. "केवढं उंच आहे हे!"

मग उरलेली पावलं चालून गेले आणि दुसऱ्या खांबाला त्यांचे हात लागले.

या खांबावर त्यांचे तळवे खालून वर, वरून खाली जात राहिले. छातीइतक्या उंचीवर येऊन अडले. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरले. ते वळून इंग्रजीत म्हणाले, "इथं कुणीतरी आहे. मघापासून माझ्यामागे बुटांचा आवाज येतोय."

"मी आहे," हान्सेनबाई म्हणाल्या. "इथं काम करते. आणि तुमच्या पत्नीही आहेत."

"इंदू? कधीची उभी आहेस?"

"मघापासून."

"आणि गप्प?"

"या बाईंनी धरून ठेवलंय मला."

ते हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "इकडे ये. हात दे." मी हात दिला. त्यांनी माझा तळवा खांबावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. "डोळे मीट. मिटलेस का? आता खालून वर ये, सावकाश. खाली वीट कशी आहे? खडबडीत. कडा झिजलेल्या, बोटं आत जातात. चल वर. अजून. आता?"

"गुळगुळीत लागतेय."

"सांधा कळला? इथं, बघ, या रेघेवर?"

"कळला."

"हां!" ते म्हणाले. वर्गात एखाद्या पोराला जमलं की ते असंच 'हां' म्हणत. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पाणी आलं असतं, आणि ते त्यांना माझ्या श्वासावरून कळलं असतं.

"दोन वेगळ्या काळातल्या विटा आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो," हान्सेनबाई म्हणाल्या. "युद्धात बॉम्ब पडले आणि छप्पर कोसळलं. काही खांब पूर्ण पडले, काही अर्धे राहिले. त्यातलाच हा. मी तेव्हा अगदी लहान होते. आतमध्ये विटांचा डोंगर, वर आभाळ. माझी आई आणि गावातल्या बायका त्या ढिगावर बसून हातोडीनं एकेका विटेचा जुना चुना काढायच्या, पुन्हा वापरता यावी म्हणून. तेव्हा नव्या विटा मिळत नव्हत्या, त्या फार पुढे आल्या. पुष्कळ लोक म्हणाले, कशाला हा खटाटोप? सपाट करा आणि मोकळे व्हा."

"मग?"

"माझी आई फार बोलणारी नव्हती. ती म्हणाली, अर्धा खांब उभा आहे ना? मग तिथून वर चढवा."

त्या सांध्यावर हात ठेवून हे बराच वेळ उभे होते. दूर कुणाचं तरी तान्हं मूल कुरकुरलं आणि गप्प झालं.

"वर जाता येतं का कुठे?" त्यांनी एकदम विचारलं.

"ऑर्गन आहे त्या सज्ज्यात जाता येतं. जिना गोल आणि अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस मावतो. पण भिंतीला दोर लावलेला आहे. मी पुढे होईन."

"अहो, कशाला आता?" मी म्हणाले. "उतरताना पाय चुकला तर? माझ्या गुडघ्यांना तर जमायचंही नाही."

"तू थांब इथं," ते म्हणाले. "मी येतो जाऊन."

मी येतो जाऊन. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. लग्न झाल्यापासून रोज सकाळी शाळेला निघताना चप्पल सरकवता सरकवता ते हे म्हणायचे, आणि मी पोळी लाटता लाटता 'हो, या' म्हणायची. ना ते कधी लक्ष देऊन म्हणाले, ना मी कधी लक्ष देऊन ऐकलं. दीड वर्षात तो शब्द आमच्या घरातून गेला होता, कारण माझ्याशिवाय ते कुठे जाणारच नव्हते. तो गेल्याचंही मला कळलं नव्हतं. कळलं ते तिथं, परक्या मुलखातल्या त्या चर्चमध्ये, तो पुन्हा ऐकू आला तेव्हा.

"हो, या," मी म्हणाले.

त्यांनी दोर चाचपून धरला. पुढे हान्सेनबाई, मागे हे. पहिल्या वळणावर दोघं दिसेनासे झाले. काही वेळ बुटांचे आवाज येत राहिले, मग तेही थांबले.

ऋजुता आली. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतलेला. "आई, बाबा कुठे आहेत?"

मी वर बोट दाखवलं.

"वर? एकटे?" ती जिन्याकडे धावली. मी तिचं मनगट धरलं. कसं धरायचं ते मी नुकतंच शिकले होते.

"आई, सोड! ते पडतील!"

"नाही पडणार. आणि पडले तर उठतील."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. ऋजुता माझ्याकडे बघत राहिली. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून, माना वर करून उभ्या राहिलो.

सज्ज्याच्या कठड्याशी आधी पांढरे केस दिसले, मग यांचा तपकिरी कोट. यांनी दोन्ही हातांनी कठडा चाचपला, तो पक्का आहे याची खात्री करून घेतली. आणि मग छाती भरून हाक मारली.

"इंदू!"

ती हाक सबंध चर्चभर फिरली. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे गेली, छताला लागून परत आली. फोटो काढणारी माणसं थबकली. मेणबत्ती लावणारा एक म्हातारा वळून बघायला लागला. लग्नानंतर चार माणसांत माझं नाव असं कुणी पुकारलं नव्हतं. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षाही काहीतरी मोठं वाटलं.

"ओ!" मी ओरडले. तासगावच्या परसात ओरडावं तशी.

त्यांनी मान जराशी कलती केली. मग उजवा हात उचलला आणि बोट नेमकं माझ्याकडे रोखलं. नेमकं. एवढ्या मोठ्या जागेत, एवढ्या माणसांत.

"आणि ऋजू?"

"मी पण आहे, बाबा!"

"रडून झालं का?"

"झालं!" ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. पण ते रडणं वेगळं होतं. तिला हसूही येत होतं.

खाली आल्यावर त्यांच्या कोटाला विटांची भुकटी लागली होती. मी ती झटकायला गेले तर म्हणाले, "राहू दे." हान्सेनबाईंना त्यांनी हात जोडून नमस्कार केला. बाईंना नमस्कार करता येत नव्हता, त्यांनी यांना सरळ मिठीच मारली. बाहेर पडल्यावर त्या ब्राँझच्या प्रतिकृतीपाशी हे आपणहून थांबले आणि दोन्ही हातांनी ती पायापासून चाचपली. ऋजुतानं आणि मी एक अक्षरही काढलं नाही.

परतताना ऋजुता गाडी चालवत होती. बरंच अंतर गेल्यावर तिनं आरशातून मागे बघत विचारलं, "बाबा, सोमवारी त्या माणसाला काय सांगू?"

"सांग की घर छान आहे. पण आमचं तासगावला आहे."

"आणि तुम्ही तिकडे काय करणार?"

"ते मला अजून माहीत नाही," हे म्हणाले. "काठीवाले ते सांगलीचे गृहस्थ परत येतील का, तेवढं विचारून बघायला हवं. मी त्यांना फार वाईट बोललो होतो."

ते गृहस्थ आले. रागावलेले नव्हते. पहिल्या महिन्यात यांचं कपाळ फुटलं, एकदा गटारात पाय गेला, आणि दोन्ही वेळेला मी घरात बसून दातांनी पदर चावला. वर्षभरानं सांगलीतल्या एका अंध मुलांच्या शाळेत ते मातीकाम शिकवायला लागले. मुलांच्या मागे बसतात आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून मातीत बोट फिरवायला शिकवतात. ऋजुता दर दिवाळीला येते, आणि उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे पाहुणे म्हणून जातो. त्या गावाला पुन्हा जायचं असं दर वेळी ठरतं आणि राहून जातं.

या सगळ्याला आता नऊ-दहा वर्षं झाली. आज मंगळवार, म्हणजे ते सांगलीला गेलेत. संध्याकाळच्या एस.टी.नं येतील आणि स्टँडवर उतरून आधी मंडईत जातील. वांगी ते स्वतः निवडतात, एकेक दाबून, देठ चाचपून, वास घेऊन. भाजीवाली दर वेळी ओरडते, "सर, पुरे करा, माझी सगळी वांगी हाताळली तुम्ही!" आणि दर वेळी त्यांना सगळ्यांत कोवळी वांगी मिळतात.

मी मसाला वाटून ठेवलाय. त्यांना आणायला स्टँडवर मी जात नाही.